आतले झाकण

१४ मार्च १९५८ रोजी आमच्या कारखान्याला एकोणीस हजार आठशे फ्रँकची मागणी आली. एकशेवीस क्रोनोग्राफ, म्हणजे ज्यांचा एक काटा बटण दाबून सुरू आणि बंद करता येतो अशी मनगटी घड्याळे. मागणी एका वीज कंपनीची होती. तिचे इंजिनिअर दिवसभर जनित्रांच्या शेजारी उभे राहत आणि तिथल्या चुंबकाने त्यांची साधी घड्याळे एक तर वेड्यासारखी पुढे पळत किंवा बंद पडत. कंपनीची अट एकच होती. घड्याळाने जनित्राजवळही वेळ बरोबर दाखवली पाहिजे.

स्वित्झर्लंडमधल्या आमच्या पों-द-मार्तेल गावात तेव्हा घड्याळांचे बरेच छोटे कारखाने होते आणि आमचा त्यांतला मध्यम. मालक एदगार पेर्नू, हिशेबाला मी, आणि वरच्या मजल्यावर खिडक्यांच्या कडेने रांगेत बसणारे तीसेक कारागीर. त्या रांगेत उत्तरेकडच्या शेवटच्या खिडकीत नुमा कालाम बसे.

नुमा पेटी बसवणारा कारागीर. यंत्र तयार झाले, तबकडी आणि काटे लागले, की ते सगळे धातूच्या पेटीत बसवून मागचे झाकण लावायचे, हे त्याचे काम. त्याच्यानंतर घड्याळ थेट डबीत जाई. पंधराव्या वर्षी तो या कामाला बसला आणि दुसरे कुठलेही काम त्याने केले नाही. अंगाने बुटका, मानेने जाड, बोलायला हजरजबाबी. डोळ्याला भिंग लावले की मात्र त्याच्याशी कोणी बोलत नसे, कारण तेव्हा तो ऐकत असे.

आमच्याकडे झाकण डोळ्यांनी तपासत नाहीत, कानांनी तपासतात. बसताना एकच, कोरडा, स्वच्छ 'टक्' आला पाहिजे. दोन आवाज आले तर झाकण वाकडे. घासल्यासारखा आला तर कड जाड. आणि आवाजच आला नाही, तर बसवणाऱ्याने गावात तोंड दाखवू नये. रविवारी चर्चमधून बाहेर पडल्यावर कोणी नवे घड्याळ दाखवले, तर बघणारा ते उलटे करून झाकण उघडतो, कानाजवळ नेऊन दाबतो, आणि मगच तबकडीकडे बघतो. नुमाची बायको बेर्त सांगायची, "हा मला मागणी घालायला आला तेव्हा आधी माझ्या आईच्या कपाटाचं दार तीनदा उघडून लावून बघितलं यानं. दार चांगलं लागलं म्हणून मी पसंत पडले."

"खोटं सांगते," नुमा म्हणे. "दोनदाच बघितलं."

त्या वर्षी नुमा बासष्टचा होता. सरकारी पेन्शन नवी होती आणि तुटपुंजी होती. खरा आधार कारखान्याच्या स्वतःच्या निधीचा. त्याचा नियम असा की पासष्ट वर्षे पुरी होईपर्यंत जो कामावर असेल त्याला मरेपर्यंत दरमहा रक्कम. आधी सोडले तर स्वतः भरलेले पैसे परत, बाकी काही नाही. कालाम नवराबायकोला मूलबाळ नव्हते. घर भाड्याचे होते. म्हणजे नुमाला आणखी तीन वर्षे त्या खिडकीत बसणे भाग होते. ते अवघड जाईल असे कोणाच्या मनातही आले नाही.

चुंबकाला दाद न देणारे घड्याळ रने दुकोमां या आमच्या तरुण तंत्रज्ञाने आखले. यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबी. तबकडी लोखंडाची, बाजूचे कडे लोखंडाचे, मागे लोखंडाचे आतले झाकण, आणि त्यावर पोलादी पेटीचे नेहमीचे बाहेरचे झाकण, स्क्रूसारखे फिरवून लावायचे. सकाळच्या सुट्टीत कॉफी घेताना त्याने ते सगळ्यांना समजावून सांगितले.

"म्हणजे घड्याळाला छत्री," नुमा म्हणाला.

"छत्री नाही, चर. बर्फ वितळायला लागलं की आपण घराभोवती चर खणतो ना? पाणी अडवत नाही आपण, वळवून दुसरीकडून नेतो. तसंच हे. चुंबकाचा जोर लोखंडातून वळसा घालून निघून जातो. आत स्प्रिंगपर्यंत पोचतच नाही."

"आणि लोखंडच चुंबक होऊन बसलं तर?"

"म्हणून तर मऊ घ्यायचं, नुमा. घडवून झाल्यावर भट्टीत लाल करायचं आणि अगदी हळूहळू निववायचं. असं लोखंड काही लक्षात ठेवत नाही. चुंबक लांब गेला, की विसरलं."

"आमच्या पोस्टमनसारखं," नुमा म्हणाला, आणि पोस्टमनची मेहुणी ओल्गा, जी त्याच्या शेजारी बसून काटे लावायची, तिने त्याला कोपराने ढोसले.

नमुन्याची दोन घड्याळे रनेने स्वतःच्या हाताने जुळवली. कंपनीने ती जनित्राजवळ ठेवून तपासली आणि पसंत केली. मग उरलेले काम रांगेत आले.

पहिले घड्याळ नुमाच्या हातात आले त्या दिवशी मालक मुद्दाम वर आले होते. रने उरलेली झाकणे निववून घेण्यासाठी शहरातल्या भट्टीवर गेला होता. मी मजुरीचे पत्रक घेऊन मालकांच्या मागे उभा होतो. नुमाने यंत्र पेटीत बसवले, लोखंडाचे आतले झाकण वर ठेवले आणि अंगठ्याने दाबले. झाकण बसले. आवाज आला नाही.

त्याने ते काढले, पुन्हा दाबले. लोण्यावर ताटली ठेवावी तसे ते बसले. निववलेल्या लोखंडात ताठपणा नसतो, ते कुठून बोलणार?

"काय रे नुमा," मालक म्हणाले, "घड्याळ आहे की बिस्किटांचा डबा? माझ्या आजीचा डबासुद्धा याहून बरा बोलायचा."

रांग हसली. नुमाही हसला. मालक गेल्यावर मी त्याला म्हणालो, "अहो, यावर स्क्रूचं झाकण बसणार आहे. हे आतलं गिऱ्हाइकाला जन्मात दिसणार नाही. आवाज कोणाला ऐकू येतोय?"

"मला ऐकू आला नाही ना," तो म्हणाला.

दुपारपर्यंत त्याने उपाय काढला होता. छोट्या ऐरणीवर झाकण उपडे ठेवायचे आणि हलक्या हातोडीने कडेवरून गोल फिरत बारीक ठोके द्यायचे. इतके हलके की पलीकडच्या खिडकीत ऐकू जाऊ नयेत. ठोक्यांनी कड ताठ झाली, किंचित आत वळली, आणि झाकण 'टक्' म्हणाले. त्याने ते ओल्गाच्या कानाशी नेऊन दोनदा वाजवून दाखवले. दुसऱ्या दिवशी मालकांनीही ऐकले आणि म्हणाले, "आता बोललं!"

रनेने झाकणे मऊ ठेवायला सांगितली होती. पण कडेवरचे चार ठोके मऊपणाच्या आड येतात असे त्याने सांगितले नव्हते. ज्या झाकणाला वाजायचेच नाही त्याला कोणी ठोकेल, हे त्याला सुचणार कसे? तो शाळेत शिकून आला होता, या रांगेत वाढला नव्हता. आणि बाकीचे सगळे रांगेतले, त्यांना न वाजणारे झाकण सोडून देता येते हेच ठाऊक नव्हते.

सप्टेंबरात माल गेला. मालकांनी सगळ्यांना कुरणावर नेले, निखाऱ्यांत पुरून भाजलेले सॉसेज खाऊ घातले, आणि नुमाने बँडवाल्याचा कर्णा हिसकावून घेऊन वाजवायचा प्रयत्न केला. बेर्त म्हणाली, "याला झाकण लावा कोणीतरी."

जानेवारीत पहिली घड्याळे परत आली. दिवसाला काही मिनिटे पुढे जात होती. रनेने ती लोखंडात शिरलेले चुंबकत्व काढायच्या तारेच्या वेटोळ्यातून फिरवली, बरोबर केली आणि पाठवून दिली. पंधरवड्यात तीच परत आली, सोबत आणखी. मग सगळी. कंपनीने कळवले की एप्रिलअखेर घड्याळे दुरुस्त होऊन आली नाहीत तर पूर्ण रक्कम परत द्यावी लागेल. ती रक्कम परत दिली असती तर कारखाना उन्हाळा बघू शकला नसता. हे मला ठाऊक होते आणि मालकांना ठाऊक होते.

रने खाणेपिणे विसरला. लोखंड तपासले, ठीक. भट्टीवाल्याला विचारले, ठीक. शेवटी एकदा त्याने सुटे केलेले आतले झाकण टेबलावर ठेवले आणि त्याच्या कडेजवळ शिवणाची बारीक सुई नेली. सुई उडी मारून कडेला चिकटली. मधोमध नेली तर चिकटली नाही. फक्त कडेला.

तो वर आला तेव्हा नुमा दुसऱ्याच कुठल्या तरी घड्याळाचे झाकण बसवत होता.

"नुमा, या झाकणांच्या कडेला तुम्ही काही केलंत?"

"केलं की. ठोकली. बसत नव्हती."

"बसत होती! नुसती ठेवायची होती!"

"नुसतं ठेवतात ते पातेल्यावर, बाळ. घड्याळावर बसवतात."

"ठोकलं की लोखंड कडक होतं हो. कडक झालं की लक्षात ठेवतं. जनित्राजवळ गेलं की कड चुंबक होते आणि आतल्या स्प्रिंगला ओढत बसते. आपण चर खणला आणि तुम्ही त्यात..." रनेने सुई आणि झाकण नुमाच्या पुढ्यात ठेवले.

नुमाने सुई उचलली, कडेजवळ नेली, चिकटू दिली. ओढून काढली, पुन्हा नेली. असे तो बराच वेळ करत राहिला. मग म्हणाला, "सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

मी मालकांकडे गेलो आणि बिस्किटांच्या डब्याची आठवण करून दिली. "मी असं म्हटलं?" ते म्हणाले. "मी तर रोज काहीतरी म्हणतो." ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हते. मग म्हणाले, "नुमाला काही बोलू नका. झाकणं पुन्हा निववून आणा आणि त्यालाच बसवू दे. त्याच्या हातून बिघडली, त्याच्याच हातून नीट होऊ देत. नाहीतर तो मोडून पडेल."

हे त्यांनी चांगल्या मनाने केले. मलाही ते योग्य वाटले.

झाकणे निववून आली. हातोडी आणि ऐरण नुमाने आपण होऊन रनेच्या हवाली केली. "ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला. "माझा विश्वास आहे माझ्यावर, पण ठेव." मग तो कामाला बसला. यंत्र, लोखंडाचे झाकण, अंगठा. आवाज नाही. बाहेरचे झाकण फिरवून घट्ट. पुढचे. संध्याकाळी तो जिन्यावरून उतरला तेव्हा आजारातून उठल्यासारखा दिसत होता. मी विचारले, "झालं?"

"झालं. बहिऱ्याला गोष्ट सांगावी तसं झालं."

रने प्रत्येक घड्याळ पुन्हा उघडून, झाकण मोठ्या चुंबकाला लावून, मग सुईने तपासत होता. घड्याळांच्या पहिल्या ताटातली बहुतेक चांगली निघाली. काहींना सुई चिकटली. पूर्वीइतकी जोरात नाही, पण चिकटली. त्याला वाटले भट्टीत कमीजास्त झाले असेल. दुसऱ्या ताटात जास्त निघाली. तेव्हा तो नुमाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि बघू लागला. मीही तिथे होतो.

नुमाने झाकण उचलले. पेटीवर ठेवण्याआधी पितळी चिमटा कडेवरून गोल फिरवला, दर बोटभर अंतरावर एकदा दाबून. इतके सहज, की डोळ्याची पापणी लवावी तसे. मग झाकण ठेवले, दाबले. अगदी बारीक 'टक्' झाला.

"नुमा," रने हळूच म्हणाला, "चिमटा."

"काय चिमटा?"

"तुम्ही कड दाबलीत."

"मी? नाही."

"आत्ता दाबलीत."

नुमाने ओल्गाकडे बघितले. ओल्गाने मान खाली घातली. त्याने माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, "दाबलीत, नुमा."

तो चिडला नाही. चिमटा खाली ठेवला आणि नुसत्या बोटांनी पुढचे झाकण उचलले. आम्ही तिघे बघत होतो आणि त्यालाही ते ठाऊक होते. झाकण पेटीकडे नेताना त्याच्या अंगठ्याच्या नखाने कडेवरून फिरायला सुरुवात केली. अर्धा फेरा झाल्यावर त्याला दिसले. त्याने हात थांबवला आणि आपल्या अंगठ्याकडे असे बघितले, जणू रांगेत दुसरा कोणीतरी येऊन बसला आहे.

"हा थांबत नाही रे," तो रनेला म्हणाला. "मी सांगतो, तो ऐकत नाही."

बिघडलेली झाकणे पुन्हा निववून आणली, आणि ती व उरलेली डब्या भरणाऱ्या दोन मुलींनी बसवली. त्या कधी पेटीच्या कामाला बसल्या नव्हत्या, म्हणून त्यांना काही अडचण आली नाही. मुदतीच्या आत माल गेला. कंपनीने तो स्वीकारला आणि पुन्हा कधी मागणी दिली नाही.

नुमाला त्याच्या नेहमीच्या कामावर ठेवले. साधी घड्याळे, साधी झाकणे, वाजणारी. आम्हाला वाटले प्रकरण संपले. पण आता तो त्यांनाही हात लावायला कचरू लागला. झाकण हातात घेई, पेटीवर नेई, थांबे. दाबावे की दाबू नये, नखाने काही केले की नाही, त्याला कळेनासे झाले. दाबले तरी आवाजावर विश्वास बसेना.

"ओल्गा, बसलं का ग?"

"बसलं हो."

"ऐकलंस तू?"

"ऐकलं. स्पष्ट ऐकलं."

"एकच होता ना?"

"एकच. नुमा, मला माझे काटे लावू दे आता."

तो झाकण काढी आणि पुन्हा लावी. एका घड्याळावर अर्धी सकाळ जाऊ लागली. त्याच्या पुढ्यात ताटे साचत गेली आणि त्याच्या पुढची माणसे रिकामी बसू लागली. मालकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत वाट पाहिली. सुट्टीनंतरही तेच. तेव्हा शहरातून दुसरा पेटीवाला आणला आणि नुमाला खाली डब्यांवर लेबले चिकटवायला बसवले. पगार कमी, पण कामावर नाव राहिले असते आणि निधीचा हक्कही. मालकांचा हेतू तोच होता.

एकदा बेर्त मला दुकानात भेटली. "घरी लोणीदाणीचं झाकण मी काढून ठेवलंय," ती म्हणाली. "कपाटाचं दार काढून पडदा लावलाय. तुम्ही काही करू शकता का?"

मी काय करणार होतो? म्हणालो, "दोन वर्षांचा प्रश्न आहे. निभेल."

निभले नाही. लेबलांच्या खोलीवर बरोबर ती उत्तरेची खिडकी येत होती. वर 'टक्' झाला की नुमाचा हात थांबे. बरोबर वाटला तर ठीक. नाही वाटला तर तो जिना चढून वर जाई आणि नव्या माणसाच्या मागे उभा राही. नव्या माणसाने आधी थट्टा केली, मग तक्रार केली, मग मालकांना सांगितले की एक तर हा म्हातारा वर येईल किंवा मी. आणि तो काम चांगले करत होता.

मालकांनी नुमाला बोलावून समजावले. नुमा सगळे ऐकून घेऊन म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. मी नाही जाणार वर." त्याच दिवशी दुपारी तो जिन्याच्या मध्यावर उभा दिसला, हातात लेबलांचा गठ्ठा, ना वर ना खाली. मी त्याला हाताला धरून खाली आणले. त्याने सरळ खुंटीवरचा कोट घेतला.

"नुमा, दीड वर्ष राहिलंय," मी म्हणालो. "नुसतं बसा. मी सांगतो मालकांना, काम नका देऊ."

"बसायला मला कुठे जमतंय?" तो म्हणाला. "तूच बघ ना."

निधीच्या समितीत मी त्याची बाजू मांडली. आजारी धरा, रजेवर धरा, काही धरा, असे म्हणालो. डॉक्टरांनी त्याला तपासले आणि तो ठणठणीत असल्याचे लिहून दिले. कान तर तरुण माणसासारखे होते. समितीवर कामगारांचा माणूस होता, तोही म्हणाला की एकासाठी नियम वाकवला तर उद्या कोणालाच धड उत्तर देता येणार नाही. मालकांनी कागद माझ्याकडे सरकवला. ठराव मीच लिहिला. नुमाला त्याने भरलेले पैसे परत मिळाले.

पुढचे दोन हंगाम तो बेर्तच्या भावाबरोबर गावाबाहेरच्या दलदलीत जळणाची काळी माती कापायला जात असे. गुडघाभर पाण्यात उभे राहून फावड्याने विटा पाडायच्या, उन्हात रचायच्या, वाळल्या की गाडीने घरोघर विकायच्या. चौसष्टाव्या वर्षी. आम्ही घरचे जळण त्याच्याकडूनच घेत असू. तो दारात गाडी उभी करी, विटा उतरवी, माझ्या बायकोची चौकशी करी. कारखान्याचे नाव त्याने काढले नाही आणि मीही काढले नाही.

१९६१ च्या ऑक्टोबरात त्याने शेवटची गाडी आणली. माझ्याकडे सुटे नव्हते. "राहू दे, पुढच्या वेळी," तो म्हणाला. त्या हिवाळ्यात ते दोघे बेर्तच्या बहिणीकडे सीमेपलीकडे राहायला गेले आणि त्यांचा पत्ता कोणाकडे नव्हता.

त्या गाडीचे तीन फ्रँक वीस सांतीम मी नुमा कालाम याचे देणे लागतो.